पहिल्याचा प

भिवा तायडे मला सुरुवातीला अजिबात आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याची बायको मीराबाई माझ्या वर्गात यायची आणि तो तिला धड येऊ द्यायचा नाही. ती दोन दिवस यायची, चार दिवस दांडी मारायची. विचारलं की म्हणायची, "त्याईचा डबा न्यायचा व्हता, बेन." डब्याचं नुसतं निमित्त होतं. सातवी पास नवरा, नाकावर माशी बसू देत नव्हता.

मी सुरतेच्या डिंडोलीत दुपारी दोन ते चार बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. वर्ग सरकारी साक्षरतेचा, म्हणून पुस्तकं गुजरातीच. मी मूळची अमळनेरची, पण सुरतेत गुजराती शाळेत शिकलेली, त्यामुळे मला सगळ्या सुवर्णाबेन म्हणत. वर्गातल्या वीसही बायका मराठी होत्या, कुणी परभणीकडची, कुणी बुलढाण्याकडची. जन्मात पहिल्यांदा हातात पाटी आली आणि गिरवायला मिळालं ते गुजराती. भिवाचा राग त्यावरच होता. "ज्या अक्षराच्या डोक्यावर रेघ नाही, ते अक्षर म्हंजे बिनछपराचं घर," असं तो म्हणायचा. त्यावर मीराबाईनं उत्तर दिलं होतं, "अर्धा जलम बिनछपराच्याच घरात गेला माया. मले सवय हाय." हे तिनं मला वर्गात सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या पोट धरून हसलो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली नाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी तशी तापट आहे. पंच्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. एका दुपारी पदर खोचून मी त्याच्या कारखान्यात गेले.

कारखाना ठाकोरभाई शेठचा, चोवीस मागांचा. भिवा तिथला जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मागांची खडखड एवढी की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. एका कामगारानं हातानंच मागची बाजू दाखवली. मागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक मोटार उभी होती. तशी मोटार मी पूर्वी पाहिलेली नव्हती, नंतरही नाही. तिच्या तोंडाच्या मधोमध विमानासारखं गोल टोकदार नाक होतं. रंग कधीकाळी हिरवा असावा. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या आणि त्यात सुताचे तंतू तरंगत होते. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून भिवा बसला होता.

मी काचेवर टकटक केली. त्यानं डोळे उघडले, दार उघडलं आणि म्हणाला, "या बेन. मागं बसा. काच वर घ्या, मंग बोला."

काच वर घेतली आणि मागांची खडखड एकदम लांब गेली, कुठल्यातरी दुसऱ्या गावात चालू असल्यासारखी. आत जुन्या कातड्याचा, तेलाचा आणि थोडासा संत्र्यासारखा वास होता. मला बोलायचं होतं ते मी विसरले. भिवानं ओळखलं असावं. तो म्हणाला, "सगळ्याईचं असंच होते. इथं बसून कोनाले भांडता येत नाही."

त्या गाडीला कारखान्यात सगळे चंपा म्हणत. खरं नाव स्टुडबेकर चॅम्पियन. ठाकोरभाईंचे वडील, ज्यांना मोटा शेठ म्हणत, त्यांनी ती एक्कावन्न साली मुंबईहून आणली होती. चौऱ्याहत्तरला ती बंद पडली आणि शेडमध्ये आली. त्याच वर्षी भिवाही मलकापूरहून सुरतेत आला. मोटा शेठ म्हातारपणी रोज दुपारी गाडीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि जेवणाच्या सुट्टीत भिवाला तिची कहाणी सांगायचे. शेठ वारले, कहाणी भिवाकडे राहिली. आता ती माझ्याकडे आली, कारण त्या दिवसानंतर मी वर्ग सुटला की अधूनमधून तिकडे जायला लागले. भांडण राहूनच गेलं.

भिवा सांगायचा ते असं. अमेरिकेत एक लोहार होता, त्याला पाच मुलगे. त्यातल्या दोघांनी अठराशे बावन्न साली साऊथ बेंड नावाच्या गावी स्वतःचा भाता पेटवला आणि घोड्याच्या गाड्या बनवू लागले. इथपर्यंत आला की भिवा नेहमी थांबायचा. लोहाराची पोरं गाड्या करतात, मग त्यांच्या पोरांच्या काळात विजेवर चालणारी मोटार निघते, मग पेट्रोलवरची, हे त्याला फार गोड वाटायचं. "म्हंजे कंपनी बी आपल्यासारखीच बेन, हातावर पोट असलेली," तो म्हणायचा. मी म्हणायची, "हातावर पोट असलेल्यांच्या मोटारी निघत नाहीत भिवाभाऊ." तो ऐकल्यासारखं करायचा आणि पुढे जायचा.

एकोणचाळीस साली चंपा जन्मली. अंगानं हलकी, पेट्रोल कमी पिणारी. इंजिन सहा सिलिंडरचं, एका रांगेत, पावणेतीन लिटरचं. व्हॉल्व्ह डोक्यात नाहीत, बाजूला. त्यामुळे इंजिनाचं डोकं पोळपाटासारखं सपाट. पन्नास साली कंपनीनं तिला हे विमानाचं नाक दिलं. लोक म्हणे चेष्टा करायचे, पण गाड्या धडाधड खपल्या. एक्कावन्नला तिच्या मोठ्या बहिणीला, कमांडरला, आठ सिलिंडरचं नवं इंजिन मिळालं. चंपाच्या वाट्याला सहाच राहिले. बावन्नला नाक काढून टाकलं. अठ्ठावन्नला चंपा बंद. मग कंपनीच थकत गेली. साऊथ बेंडचा कारखाना मिटला, कॅनडातला तेवढा राहिला, आणि शेवटची दोन वर्षं तर गाडी यांची आणि आत इंजिन दुसऱ्याच कंपनीचं. सहासष्टला मोटारी बनवणंच थांबलं.

"परक्याचं इंजिन छातीत घालून दोन वर्सं काढली बेन त्याईनं," भिवा म्हणायचा, आणि त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. मला हसू यायचं. घरच्या बायकोच्या दांड्यांचं काही नाही, आणि अमेरिकेतल्या मेलेल्या कंपनीसाठी डोळ्यांत पाणी. पण मग त्यानं एकदा पाण्याची गोष्ट सांगितली आणि माझं हसू गेलं.

तो आठ वर्षांचा होता. मलकापूरच्या बाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची वस्ती. धम्मात येण्याच्या आधीचे दिवस. एका उन्हाळी दुपारी विमानाच्या नाकाची एक मोटार वाफा टाकत तिथे थांबली. ड्रायव्हर पाणी मागायला गावात न जाता समोरच्या वस्तीत आला. भिवाच्या आईनं घागर दिली. ड्रायव्हरनं झाकण उघडलं आणि घागरभर पाणी गाडीत ओतलं, मग दुसरी घागर. "आमच्या हातचं पानी गावात कोनी पेत नव्हतं," भिवा म्हणाला. "ते गाडी पेली. गटागटा पेली, अन् सुरू झाली. मायी माय रस्त्याकडं पाहून हासत व्हती. तिले असं हासताना म्या मंग कधी पाह्यलं नाही." ती गाडी हीच, अशी त्याची खात्री होती. मोटा शेठ बावन्न साली एकदा नागपूरला गेले होते, एवढाच पुरावा. मी पुरावा मागितला नाही. माझं मन त्या दिवशी फार भरून आलं होतं.

डिसेंबरात बातमी आली. ठाकोरभाई माग शहराबाहेर कडोदऱ्याला हलवणार होते, जागा रिकामी करायची होती. चंपाला तोडायला भंगारवाला सोळा जानेवारीला येणार होता. भिवा शेठकडे गेला. मीही बरोबर गेले, कारण तो घाबरला की नुसताच उभा राहतो. तो म्हणाला, "शेठ, म्या चालू करून दाखवतो. चालली तं ठेवा." शेठ टेलिफोनवरचा हात न काढता म्हणाले, "चालशे तो जोईशुं." चालली तर बघू.

भिवा बाहेर आला तो हवेत चालत. "ठेवतो म्हनले," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते बघतो म्हणाले, ठेवतो नाही." पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या मनात गाडी कडोदऱ्याच्या नव्या कारखान्यापुढे धुऊनपुसून उभीसुद्धा राहिली होती.

पुढचा महिनाभर तो पाळी संपली की शेडमध्ये असायचा. मागांचा माणूस, मोटारीचं काम त्यानं बघून बघून शिकलेलं. उधन्याच्या बॅटरीवाल्याकडून त्यानं सहा व्होल्टची तीन कप्प्यांची बॅटरी बनवून घेतली, कारण तशी आता बाजारात मिळत नव्हती. जाम झालेल्या पिस्टनवर आठ दिवस तेल सोडून ते मोकळे केले. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. डॅशबोर्डच्या खणात इंग्रजी पुस्तिका होती, ती मी डिक्शनरी घेऊन त्याला वाचून दाखवायची. सहा सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात ते त्यात होतं: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. भिवानं ते पाठ केलं. काम करताना पुटपुटायचा, एक पाच तीन, सहा दोन चार, आणि बाजूला बसून मला पेंग यायची. ती उन्हं, तो केरोसिनचा वास, ते पुटपुटणं. सुरतेत एवढी वर्षं काढली, पण अशा निवांत दुपारी मला दुसरीकडे कुठे मिळाल्या नाहीत.

मीराबाई डबा घेऊन यायची, दारात ठेवायची आणि निघून जायची. एकदा मी तिला आत बोलावलं. भिवा म्हणाला, "तिले काय समजते याच्यातलं?" ती डबा ठेवून बाहेर पडली. मी मात्र तोंड सोडलं आणि दोन दिवस तिकडे गेले नाही.

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, कारखाना बंद होता. सगळी डिंडोली गच्चीवर चढली होती आणि आकाशात पतंगांना जागा नव्हती. भिवानं त्या दिवशी पहिल्यांदा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरलं, एकदम धडाम करून मागून फटाका फुटला. मग पुढून कार्बोरेटरमधून भडका. मग गाडी गचके देत हालली, चार पावलं लंगडत चाललेल्या बैलासारखी, आणि बंद. पुन्हा मारला. पुन्हा तेच. वरून पोरं ओरडत होती, त्यांना वाटलं कुणीतरी खाली फटाके लावतंय.

चौदा तारीख गेली. पंधराची दुपार झाली. भिवानं पॉइंट घासले, कार्बोरेटर तीनदा खोलला, पेट्रोल बदललं. इंजिन मिसिंग मारतच होतं आणि बॅटरी उतरत चालली होती. शेवटी तो गाडीच्या पायरीवर बसला. तोंड काळवंडलेलं. "उद्या तोडतीन बेन इले," तो म्हणाला. "म्या असतानी तोडतीन." मलाच रडू येत होतं आणि त्याचा मला रागही येत होता.

तेवढ्यात मीराबाई डबा घेऊन आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि या वेळी डबा दारात न ठेवता आत आली. उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली. डेल्कोमधून, म्हणजे जिथून सगळ्या प्लगना करंट जातो तिथून, सहा वायरी एका लोखंडी नळीत शिरत होत्या आणि दुसऱ्या टोकाला निघून एकेका प्लगवर जात होत्या. नळीत कुठली कुठे जाते ते दिसत नव्हतं, म्हणून पूर्वीच्या मिस्त्रीनं, तो इथलाच, सुरतेच्या रांदेरचा होता, प्रत्येक वायरीच्या टोकाला पत्र्याचा लहान तुकडा बांधून त्यावर खिळ्यानं खूण कोरली होती. प्लग साफ करायला भिवानं त्या वायरी काढल्या होत्या आणि खुणा बघून परत लावल्या होत्या.

मीराबाई एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेली. तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "ह्यो पाच इथं कायले लावला? पहिल्यावर?"

"पाच नाही तो," भिवा मान वर न करता म्हणाला. "प हाय. पहिल्याचा प. एक तुकडा गंजून पडला व्हता, ते वायर राह्यली पाचवर."

आता हे सांगायला हवं की मागांवर काम करताना भिवाची स्वतःची रीत तीच होती. सुटे भाग काढले की पहिल्यावर तो खडूनं प लिहायचा. त्यामुळे मिस्त्रीनंही तसंच केलं असणार, यात त्याला शंका आली नाही. आणि गुजरातीतला पाचाचा आकडा, डोक्यावरची रेघ सोडली तर, हुबेहूब आपल्या प-सारखा असतो, आणि खिळ्यानं कोरताना रेघ कोण काढत बसतो? दोन, तीन, चार, सहा हे आकडे आपल्याकडच्यासारखेच दिसतात. दगा देतो तो पाच. वीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला गुजराती पाच ठाऊक नव्हता असं नाही. बाजारात पाटीवर त्यानं तो बरोबर ओळखला असता. पण इथं त्याला त्याचंच अक्षर दिसलं. आणि मी? मी महिनाभर त्या वायरींपाशी बसून होते, शिकवणारी बाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी एकदाही त्या तुकड्यांकडे वळून पाहिलं नाही.

माझ्या वर्गात हा घोळ रोजचा होता. गुजरातीत प आणि पाच जुळे भाऊ. बायका रडकुंडीला यायच्या. मी त्यांना एकच सांगायची, की तोंड बघू नका, शेजारी कोण बसलंय ते बघा.

मीराबाईनं तेच केलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "शेजारी कोन हाय ते पाहा ना. दोन हाय, तीन हाय, चार हाय, सहा हाय. आकड्याईच्या पंगतीत अक्षर कसं बसन? ह्यो पाच हाय."

भिवा उठला. बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिला. एक आणि पाच, नेमके मागोमाग पेटणारे दोघं, आणि त्यांचीच अदलाबदल झालेली. त्यानं दोन्ही वायरी काढल्या, पहिलीची पाचवर आणि पाचवीची पहिल्यावर लावली, आत जाऊन बसला आणि सेल्फ मारला.

बॅटरीत जेमतेम जीव होता. इंजिन एकदा कुंथलं, दोनदा, आणि लागलं. फटाका नाही, गचका नाही. सपाट डोक्याच्या त्या इंजिनाचा आवाज मी कसा सांगू? जेवण झाल्यावर घरातलं मोठं माणूस खाटेवर पडून समाधानानं घोरतं, तेवढाच. पत्र्याची शेड त्या आवाजानं भरली. भोकांतून आलेल्या उन्हात निळा धूर वर चढत होता आणि त्यात सुताचे तंतू हळूहळू फिरत होते. मीराबाईनं बॉनेटवर हात ठेवला होता आणि तिचा हात, बांगड्यांसकट, बारीक थरथरत होता.

सोळाला भंगारवाला आला आणि शेठनं त्याला परत पाठवलं. आम्ही खुश झालो तेवढ्यात दुसरी गाडी आली. तीत बडोद्याचे एक गृहस्थ होते, जुन्या मोटारी जमवणारे, बरोबर ड्रायव्हर. गाडी चालल्याचं कळताच शेठनं आदल्या संध्याकाळीच त्यांना फोन केला होता. चंपा विकली गेली होती.

"शेठ, तुमी म्हनले व्हते, चालली तं..." भिवा म्हणाला.

"जोईशुं कह्युं हतुं ने, भिवा," शेठ म्हणाले. वाईट माणूस नव्हे, पण बघू म्हणजे बघूच. तोडली जाण्यापेक्षा बरं, असं मी भिवाला म्हटलं आणि म्हणताना माझा मलाच संताप आला.

बडोद्याचे गृहस्थ इंजिन ऐकत उभे होते. त्यांनी हिंदीत विचारलं, बावीस वर्षं बंद असलेली गाडी कुणी चालू केली? शेठनं भिवाकडे बोट केलं. भिवा म्हणाला, "मैंने सब किया, पर चालू नहीं हुई. चालू मेरी घरवाली ने की. उसको पढ़ना आता है." चार माणसांत, मान वर करून. मीराबाईनं पदर तोंडाला लावला. माझी ही विद्यार्थिनी तोवर 'कमल' आणि 'घर' एवढंच धड वाचू शकत होती, पण ते मी कुणाला सांगणार नव्हते.

त्या गृहस्थांना गंमत वाटली. म्हणाले, हायवेपर्यंत बसा गाडीत. भिवा, मीराबाई आणि मी, तिघं मागच्या सीटवर बसलो. काचा वर केल्या. डिंडोली गेली, माग गेले, उसाच्या गाड्या आणि तुटके पतंग अडकलेल्या तारा मागे गेल्या. भिवा पुढे बघतच नव्हता. इंजिन ऐकत डोळे मिटून बसला होता आणि ओठ हलत होते, एक पाच तीन, सहा दोन चार. कडोदऱ्याला हायवेच्या चौकात गाडी थांबली, आम्ही उतरलो. चंपा बडोद्याच्या रस्त्याला लागली. तिचं मागचं अंग ट्रकांच्या गर्दीत गेलं तरी भिवा तिकडेच बघत होता. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले, उघडउघड, लपवाछपवी न करता.

परतीला एसटी पकडायची होती. रस्त्यापलीकडे एक बस उभी होती, इंजिन चालू, कंडक्टर दारात. तिच्या कपाळावरची पाटी मला लांबूनच वाचता आली, उधना, डिंडोलीच्या बाजूची, आपलीच. भिवाला गुजराती अक्षरं येत नसत. इतकी वर्षं तो बस कुठली ते लोकांना विचारायचा. तो विचारायला म्हणून माझ्याकडे वळला, थांबला आणि बायकोकडे वळला.

"पाहा बरं," तो म्हणाला, "कोनती हाय ते."

मीराबाईनं डोळे बारीक केले. "उ," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उभी राहिले. "ध," ती म्हणाली, आणि बस हलली. तिनं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे," भिवा म्हणाला. "दुसरी येईन. तू वाच निवांत."